निळीचं पिंप आणि शीबाईचं नाक

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,

शीबाईचा नमस्कार. एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत ही विनंती.

तू सुखरूप पोचलीस, लेकीची तब्येत चांगली आहे आणि डॉक्टरीणबाईंनी महिनाअखेरची तारीख दिली आहे, हे फोनवर कळलं. बरं वाटलं. आता तुझ्या घरची खुशाली ऐक. नळाला पाणी येतंय, कुंड्या जिवंत आहेत, हे मजेत आहेत. फक्त या घरात माणसाने राहू नये, बाकी सगळं ठीक.

अगं, मागच्या खोलीत तू काय पाळून ठेवलंयस? मला आपलं वाटायचं, निळीचं पिंप म्हणजे निळं पाणी. कपडा बुडवला, निळा निघाला, संपलं. काल सकाळी तू सांगून गेलीस तशी वरची रजई काढली, झाकण उचललं आणि तशीच मोरीकडे पळाले. प्यालेला चहा फुकट गेला. वर तांब्यासारखी चकाकणारी साय, सायीखाली पिवळट हिरवं पाणी, आणि मधोमध निळ्या फेसाचा बुडबुडणारा गोळा. त्या गोळ्याला म्हणे तू 'फूल' म्हणतेस! ताई, फुलं मी पाहिली आहेत. आणि वास! आधी गोठा. मग गोठ्यात भिजून कुजत पडलेलं गवत. मग त्या गवतावर कुणीतरी महिनाभर घातलेले मोजे पिळले असावेत असं काहीतरी. आणि या सगळ्याच्या मागून किंचित गोडसर, ते तर सर्वांत किळसवाणं. शी! त्यात दांडा घालून मी ते ढवळलं कसं, माझं मला माहीत. हात खसाखसा धुतले तरी नखं निळीच.

तुझ्या टेबलावर दुकानवाल्या बाईंनी पाठवलेल्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा पडला आहे, तुझ्या लाळेऱ्यांना आणि उशीच्या अभ्र्यांना लावायच्या. 'निसर्गाच्या कुशीतले शुद्ध रंग' असं छापलंय आणि शेजारी गोंडस हिरवं पान. पानाच्या जागी या पिंपाचा फोटो छापा म्हणावं. मग बघू, कोण आपल्या बाळाच्या गळ्यात लाळेरं बांधतंय.

हे मी का सोसते, तर निघताना तू माझे दोन्ही हात धरलेस म्हणून. वर्षभरात दोन पिंपं मेली, हे एकच उरलं, भाऊजींच्या हातचं विरजण आता फक्त यात आहे, हे गेलं तर खोलीला कुलूप घालून कायमची लेकीच्या दारी जाऊन बसेन, असं तू म्हणालीस. तू! लेकीकडे चौथ्या दिवशी परतीचं तिकीट काढणारी! मग मी नाही कशी म्हणणार? पण एक कोडं सुटत नाही. गल्लीच्या टोकाचे रंगारीबुवा आपणहून म्हणाले होते की मी बघतो. त्यांचा जन्म निळीत गेला. त्यांना सोडून तू मला बसवलंस? शेजारच्या घरात अंडं उकडलं तर ताटावरून उठणाऱ्या मला? हे विचारतात, लहानपणी ताईंची बाहुली मोडली होतीस का तू?

उत्तर लगेच धाडावं. लोभ आहेच, तो वाढू दे, वास नको.

तुझी,
शीबाई


दि. ९ जानेवारी

चि. शीबाईस,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की लेक पोट सांभाळत बघायला आली. बाबांनी तुला शीबाई नाव ठेवलं ते उगाच नव्हे. दूध शी, ओलं फडकं शी, पाहुण्यांचा मुका शी. तुला बारशालाच रुमाल द्यायला हवा होता.

आता कामाचं. यापुढे पिंपाबद्दल फोन करू नकोस. फोनवर तू नुसती शी शी करतेस, त्यातून काही समजत नाही. पत्रात लिहितेस तशी लिही. रोज सकाळी हळूच ढवळायचं, रुमाल काढायचा, वाकून नीट हुंगायचं आणि जे येईल ते लिहायचं. जितकं घाण वाटेल तितकं लिही. भीड ठेवू नकोस, मला राग येणार नाही. लेकीने मागे आंबटपणा तपासायच्या कागदाच्या पट्ट्या आणून दिल्या होत्या. पिंपात बुडवली की पट्टीच निळी होते, त्यातून डोंबल कळतंय! निळीला नाकाशिवाय दुसरा डॉक्टर नाही. रोज हात घालून बघ, पाणी कोमट लागलं पाहिजे. गार लागलं तर गरम पाण्याच्या बाटल्या पिंपाला लावून वर रजई. कोंडा, गूळ आणि चुना फळीवर आहेत, पण मी सांगेपर्यंत त्यातलं काही घालायचं नाही.

रंगारीबुवांना त्यांची पिंपं आहेत, त्यांना कशाला त्रास.

आणि घाणीचं इतकं वावडं असेल तर एक ऐकून ठेव. तू ओठांना ती लालचुटूक कांडी फिरवून मिरवतेस ना? तिच्या डबीवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाच. 'कारमाइन' असं दिसलं तर समज की निवडुंगावरचे किडे वाळवून, कुटून केलेला रंग आहे. तोही नैसर्गिकच. कितीतरी गुलाबी गोळ्यांत तो असतो. माझ्या पिंपात निदान पाला, चुना आणि कोंडाच आहे बाई.

तुझ्या यजमानांना नमस्कार. बाहुली नव्हती मोडली, माझी वेणी कापली होती असं त्यांना सांग.

तुझी,
ताई


दि. १२ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं, ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

वाचलं मी बारीक अक्षर. आहे. कारमाइन आहे! कांडी कचऱ्यात गेली. दात घासले, जीभ घासली, ओठ मीठ लावून पुसले. इतकी वर्षं मी किडे चाटत बसले आणि तू आत्ता सांगतेस? माझ्या लग्नाच्या फोटोत मी ज्या ओठांनी हसते आहे ते आठवून अंगावर काटा येतो. हे म्हणाले की मग मीही थोडे खाल्ले असतील. त्यावर मी यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या मास्तरीणबाई काल खाली आल्या. दारात उभ्या राहून हवा हुंगली आणि म्हणाल्या की जिन्याखाली नक्की उंदीर मेलाय. मी म्हटलं, असेल. त्यांनी सफाईवाल्याला बोलावला. तो आणि आमचे हे, दोघे बॅटरी घेऊन तासभर उंदीर शोधत होते. यांना सगळं माहीत असून चेहरा असा गंभीर की जणू घरचंच कुणी हरवलंय. उंदीर अर्थातच मिळाला नाही. मास्तरीणबाईंच्या मते तो भिंतीत असावा, आणि आता त्या भिंत फोडायचं म्हणताहेत.

तू भीड नको म्हणालीस म्हणून लिहिते. आज वास बदललाय. गोठा मागे सरकला आणि आंबट पुढे आलं. आंबट म्हणजे लिंबू नव्हे हं. मळून डब्यात विसरलेलं पीठ आठवड्याने उघडल्यावर जे नाकात चढतं आणि डोळ्यांत पाणी आणतं, ते. हुंगलं की घशात टोचतं. ती गोडसर किळस होती ती नाहीशी झालीय. फेसाचा गोळा सकाळी मुठीएवढा होता, आता लिंबाएवढा. हे लिहिताना मी दोनदा उठून खिडकीत जाऊन आले. माणसं पत्रात हवापाणी लिहितात, आणि मी हे लिहिते!

भाचीला आशीर्वाद. तिला म्हणावं, जे काही खायचं ते डबीवरचं वाचून खा.

लोभाची अपेक्षा, दुसरी कसली नाही.

तुझी,
शीबाई


दि. १४ जानेवारी

चि. शीबाईस,

आशीर्वाद. घाईत लिहिते आहे, लेकीच्या कळा तारखेआधीच सुरू होतील असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

आंबट आलंय म्हणजे चुना कमी पडला. दोन सपाट चमचे चुना वाटीभर पाण्यात कालव, कडेकडेने सोड आणि दांड्याने तळापासून एकदाच फिरव. फेस मोडू नकोस. दुसऱ्या दिवशी हुंगून बघ. गोठा परत आला तर देव पावला.

पत्र फार छान लिहिलंस. डब्यातलं पीठ वाचून मला नेमकं कळलं. असंच लिही गं.

तुझी,
ताई


दि. २१ जानेवारी

ती. आजीबाईंस,

हो, आजीबाई! फोनवर मुलगी झाली हे ऐकून यांनी मास्तरीणबाईंना साखर वाटली आणि उंदराचं भांडण तात्पुरतं मिटलं. मायलेकी सुखरूप, यापरतं काही नको. बाळ कुणासारखं आहे? रंग, केस, नाक, सगळं लिही. नाक माझ्यावर गेलं असेल तर आत्ताच सांभाळा.

चुन्याने कमाल केली. दुसऱ्या दिवशी गोठा परत, तिसऱ्या दिवशी मोजेही परत. इतक्या लांबून तुला कसं कळलं? घरचा वैद्यही नाडी धरल्याशिवाय सांगत नाही.

आणि आता तक्रारच संपली. गेल्या तीन दिवसांत पिंपाला वास म्हणून येत नाही. मी रोज वाकते, हुंगते, काही नाही. ना गोठा, ना गवत. अगदी शहाण्या मुलासारखं गप्प बसलंय. मी आनंदाने ढवळते, गाणी म्हणते. काल तर त्या खोलीत बसून डाळ निवडली. बघ, शेवटी मी जिंकले.

बाळाचा पापा घे माझ्याकडून. म्हणजे तू घे, मी लांबून बघते.

तुझी,
शीबाई


दि. २३ जानेवारी

चि. शीबाईस,

पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. वास येत नाही हे चांगलं लक्षण नव्हे गं! पिंप थंडीने आखडलंय आणि उपाशी पडलंय. असंच राहिलं तर झोपेतच जाईल. आधीची दोन अशीच तर गेली.

पत्र हातात पडताच चार मुठी कोंडा गरम पाण्यात शिजवून घाल, त्यात गुळाचा मोठा खडा विरघळव. गरम पाण्याच्या बाटल्या चारी बाजूंनी लाव, दोन रजया घाल. चुना घालू नकोस. विचार करत बसू नकोस, उशीर झाला तर सगळं हातातून जाईल.

बाळ गुटगुटीत आहे. बाकी सवडीने लिहीन.

तुझी,
ताई


दि. २७ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार लिहिण्याच्या स्थितीत मी नाही, तो समजून घे.

तू सांगितलंस ते सगळं मी केलं. शिजवलेला कोंडा, गूळ, बाटल्या, दोन रजया, वर माझी शाल. काल सकाळी उठले तर पिंप उतू गेलं होतं. झाकण बाजूला सरकलेलं, जमिनीवर राखाडी लगदा, आणि तो लगदा हलत होता ताई, बुडबुडे येत होते त्यातून. निळं फूल गेलं. तांब्याची साय गेली. वर करड्या रंगाचं तवंगासारखं काहीतरी आहे. आणि वास! आधीचा वास म्हणजे अत्तर होतं गं बाई. हा वास अंगाला चिकटतो. केसांत बसला, पोळपाटाला बसला, साबणाच्या वडीला बसला. यांनी पोळीचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला. मास्तरीणबाई बहिणीकडे राहायला निघून गेल्या आणि जाताना जिन्यातून ओरडून गेल्या की तो उंदीर नव्हे, हत्ती आहे. लगदा मी फडक्याने भरला. मी! फडकं जाळलं, ते जळतानाही घाणच वास.

आता तुला खरं सांगते, शिव्या घाल. पिंपाचा वास कधी गेलाच नव्हता. मला सोसेना, म्हणून मी रोज सकाळी नाकाखाली आणि नाकाच्या आतसुद्धा यांचा डोकेदुखीचा बाम फासत होते. रुमाल तेवढा तू काढायला सांगितला होतास, बामचं काही बोलली नव्हतीस. मी मेली युक्तीवर खूश होऊन तुला लिहिलं की वास नाही. चांगलं धडधाकट पिंप, त्याला मी उपाशी ठरवून कोंबून कोंबून खाऊ घातलं. माझ्या नाकाचे चोचले आणि तुझं पिंप गेलं.

पण ताई, तुझ्याही डोक्यात कसं आलं नाही? इतक्या वर्षांचा हात तुझा. काल फोन केला तेव्हा तू नुसतं 'बरं, पत्र पाठवते' म्हणून ठेवून दिलास. बरं काय? रंगारीबुवांना आणू का? मी आता तुझा शब्द आल्याशिवाय कशालाही हात लावणार नाही.

तुझी नालायक,
शीबाई


दि. २९ जानेवारी

शीबाई,

आज आशीर्वाद नाहीत.

बाम! नाकात बाम! लहानपणी औषध फुलदाणीत ओतून मोठा घोट घेतल्याचं नाटक करायचीस, ती सवय अजून गेली नाही. पत्र वाचून मी रागाने ते चुरगळलं, मग सरळ केलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तुझं उघडलं, आता माझंही उघडते.

मला वास येत नाही. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो मोठा ताप आला होता ना, तापाबरोबर नाकही गेलं. येईल येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. कांदा, फिनेल, करपलेलं दूध, सगळं माझ्या लेखी एकच. तुला फोनवरून काही कळणार नव्हतं, आणि भेटीत मी तुझ्या शी शी ला मान डोलवत राहिले.

ती दोन पिंपं थंडीने मेली असं मी सगळ्यांना सांगितलं. ती सडली गं. माझ्या नाकासमोर सडली. मी त्यातच कपडे बुडवत होते. दुकानवाल्या बाई लाळेऱ्यांचा गठ्ठा परत घेऊन आल्या, त्यांनी तो दोन बोटांत धरला होता, आणि मी त्यांच्यासमोर हसत उभी, चहा घेणार का विचारत. त्यांच्या चेहऱ्यावरची किळस मला अजून दिसते. बाळांच्या गळ्यात बांधायचे कपडे होते ते.

म्हणून रंगारीबुवा नकोत. त्यांनी एकदा वाकून पाहिलं तर त्यांना कळेल, आणि गल्लीत चार दिवसांत होईल की हिचं नाक गेलं, हिचा माल घेऊ नका. शिवाय त्यांचं नाक निळीत इतकं मुरलंय की सडकंही त्यांना 'जरा उग्र' वाटतं. लेकीला सांगितलं तर ती उद्या कुलूप घेऊन येईल. फोन आला तेव्हा ती शेजारीच होती, म्हणून बरं म्हटलं. मला असं नाक हवं होतं ज्याला काही म्हणजे काही सोसत नाही. असं जगात एकच आहे.

तुझं पहिलं पत्र माझ्या उशीखाली आहे. गोठा, कुजलेलं गवत, मोजे, मागून किळसवाणं गोडसर. त्याहून निरोगी पिंप असूच शकत नाही, शीबाई. ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल. दोन वर्षांनी मला माझ्या पिंपाचा वास आला.

आता माझ्या पत्राची वाट बघू नकोस, टपालाला दोन दिवस लागतात. नाक तुझं तिथे आहे, माझं कुठेच नाही. बाटल्या काढ, रजया काढ. तवंग काढून टाक. मग हुंग. सडक्याच्या खाली आंबट लागतंय का शोध. लागलं तर जीव आहे. चुना घाल, पण चिमटीने, वाटीने नव्हे. थांब, परत हुंग, परत चिमूट. पहिल्या पत्रातला वास येईपर्यंत. आंबट लागलं नाही, नुसतं मेलेलं लागलं, तर ओतून दे आणि मला तसं सरळ लिही. मी कुलूप आणायला लेकीलाच सांगेन.

बाळाबद्दल विचारलं होतंस. घरात जो येतो तो तिच्या डोक्याला नाक लावतो आणि डोळे मिटतो. मीही लावते आणि मिटते, लोकांना दाखवायला. लंगोट ओला झाला तर हात लावल्यावर कळतो, बाकीचं लेक सांगते. आई अलीकडे हरवलेली असते, असं ती नवऱ्याला म्हणत होती.

ताई


दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझ्या धाकटीचा साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या पायांवर एक बादली डोळ्यांचं पाणी.

पत्र मिळालं. मी मोरीत जाऊन रडले, मग तोंड धुतलं आणि सरळ मागच्या खोलीत गेले. रुमाल नाही, बाम नाही. हे दारात उभे राहून विचारत होते की नक्की ना? मी म्हटलं दार लावा.

तवंग काढला. तो चमच्याने निघेना, ताटलीने ओढला. खालून आधी जे आलं ते लिहायचं तर कागद नासेल, पण तुला हवंय म्हणून लिहिते: बंद घरात पाणी न बदललेली फुलदाणी, तिच्या देठांचा बुळबुळीत भाग, आणि त्यात मासळीबाजाराची बंद झाल्यावरची जमीन. मला ओकारी आली, मी ओकले, परत आले. दुसऱ्यांदा अजून खाली वाकले, केस पिंपात गेले. आणि ताई, तळाशी, सगळ्या घाणीच्या खाली, होतं. डब्यातलं पीठ! तेच, घशात टोचणारं. इतका आनंद मला कुठल्याही सुगंधाने कधी झाला नव्हता. मी ओरडले, आंबट आहे, आंबट आहे! यांना वाटलं मला वेड लागलं.

मग चिमटीचा चुना. घालायचा, थांबायचं, हुंगायचं. सकाळी घातला, दुपारी घातला, तिन्हीसांजेला घातला. स्टूल घेऊन बसले होते. मध्येच एकदा वाटलं की मासळी कमी झाली, पण ती माझ्या मनाची समजूत असेल म्हणून अंगणात जाऊन मोकळी हवा घेऊन परत आले. खरंच कमी होती. दुसऱ्या दिवशी देठ गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उचललं आणि गोठ्याने असा तोंडावर फटका मारला की मी मागे सरकले. मोजे अजून आले नव्हते. मी मोज्यांची वाट बघत बसले होते ताई, काय हे माझं आयुष्य! आज सकाळी आले. त्यांच्या मागून ती गोडसर किळसही आली. मधोमध फुटाण्याएवढं निळं फूल आहे. हो, फूल म्हणते.

तुझ्या गठ्ठ्यातलं एक पांढरं लाळेरं बुडवलं. बाहेर काढलं तर पित्तासारखं पिवळंहिरवं, त्यातून ठिबकणारं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. शी. दोरीवर टाकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते कडेकडेने निळं होत गेलं, कुणी हात लावला नाही तरी. हेही बघत उभे होते. यांनी मला विचारलं की कशी वाटली नीळ. मी म्हटलं, घाण आहे, पण आपली आहे.

ते लाळेरं धुतलं, परत धुतलं, तीन साबण लावून धुतलं, आणि नाकाला लावून बघितलं. उन्हात वाळलेल्या कापडाचा वास, दुसरा कसलाही नाही. माझी हमी. बाळासाठी पाठवते आहे, बिनधास्त बांध.

आणि एक. मी आता तुझ्याकडे दर शनिवारी येणार. दोन तासांची तर बस आहे. येईन, पिंपात नाक खुपसेन, शी म्हणेन, जेवेन, परत जाईन. कुणाला सांगायचं की नाही ते तू ठरव. लेकीला मात्र सांग, ती तुला हरवलेली समजते त्यापेक्षा ते बरं.

तुझी,
शीबाई


दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. शीबाईस,

राहिलेले सगळे आशीर्वाद एकदम.

लाळेरं बाळाला बांधलं. तिने लगेच त्यावर दूध काढलं. लेकीला सांगितलं. ती रडली, मग भांडली, मग तुझी पत्रं मागितली आणि हसत हसत वाचली. कुलपाचं नाव तिने काढलं नाही. म्हणाली, मावशीला शी म्हणायची नोकरी लागली म्हणायची.

मी परवा निघते. तिकडे पोचले की तू इकडे ये, लेकीला अजून थोडे दिवस सोबत हवी. पिंपाची काळजी नको, तितके दिवस मी ढवळेन आणि तू शनिवारची हजेरी एकदा चुकवशील.

इथे आलीस की माझं एक काम कर. बाळाला हुंग. डोकं, मान, सगळं. आणि मला लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, तू रडशील आणि मीही. छान आहे, गोड आहे, असलं लिहू नकोस, ते मला सगळ्यांनी सांगून झालं. पिंपाचं लिहिलंस तसं लिही.

तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शीबाईचा नमस्कार. भाची आणि बाळ मजेत आहेत. तू डबे भरून ठेवलेस ते दोन दिवसांत संपले, तिची भूक बघून मी गार पडले.

काम केलं. आज सकाळी भाची आंघोळीला गेली तेव्हा बाळाला मांडीवर घेतलं, खिडकीपाशी बसले आणि सुरुवात केली. वाच.

तळपाय: काही नाही, कोमट कापड. मुठी: मुठीत मळ साठलाय, ओल्या लोकरीचा. शी. मी पुसला. हनुवटीखाली, मानेच्या वळीत: फाटलेलं दूध, त्याखाली आंबट, हुबेहूब तुझ्या पिंपाचं पीठ. चुना घालणार नाही, घाबरू नकोस. तोंड: ताजं दूध, गरम, जरासं लोखंडासारखं. लंगोट: शी, शी, शी. त्याबद्दल अधिक लिहायला लावशील तर नातं तुटेल. पण ते पिवळं आहे आणि मोहरी वाटल्यासारखं येतं, ते निरोगी असतं असं डॉक्टरीणबाई म्हणतात, म्हणून नोंदवते.

आता डोकं. लोक डोळे मिटतात ते कशासाठी हे शोधायला मला वेळ लागला. वरवर तेल आहे. तेलाखाली घाम, मोठ्या माणसाचा नव्हे, धुतल्यावर येतो तसला. त्याखाली उन्हात टाकून आत आणलेल्या उशीचा. आणि त्याही खाली, टाळूवर जिथे धडधडतं ना, तिथे अजून एक आहे. त्याला मला नाव सापडेना. गोठा नव्हे, दूध नव्हे, कापड नव्हे. मी पुन्हा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग आठवलं. आपण दोघी एका अंथरुणात झोपायचो, तू मला पाठीशी धरायचीस, आणि मी तुझ्या हातावर नाक टेकवून झोपायचे. मला तेव्हाही सगळ्याची घाण वाटायची. तुझ्या हाताची वाटायची नाही. तो वास आहे. तुझा आहे, ताई. तो तिच्या टाळूवर आहे.

भाची आंघोळ करून आली आणि म्हणाली की मावशी, बाळ उठेल, नाक काढ. मी काढलं नाही.

शनिवारी येते. पिंप ढवळत राहा, झाकण नीट लाव. लोभ आहे तसाच असू दे, आणि हे नाक यापुढे आपलंच समज.

तुझी,
शीबाई